मीठ कोणाचं? पवनारच्या बाजारात पंधराशे वर्षं

तुम्ही धाम नदीच्या पुलावर उभे आहात. वर्धा आठेक किलोमीटर मागे राहिलं, पुढे रस्ता नागपूरला जातो. खाली पात्रात काळे खडक उघडे पडले आहेत, त्यांच्यामधून पाणी वाट काढतंय. एकीकडे पवनार गाव आणि जुन्या किल्ल्याचे उरलेसुरले अवशेष, दुसरीकडे टेकाडावर विनोबांचा आश्रम. गाड्या थांबतात, लोक आश्रम पाहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. बाजारहाट करायला पवनारला कोणी येत नाही.

तुम्ही मात्र बाजारालाच आला आहात. एके काळी इथे राजधानी होती, आणि राजधानी म्हटली की तिला रोज जेवायला लागतं. हजारो माणसांच्या चुली पेटायच्या तर धान्य, मीठ, तेल, तूप, दूध कुठून तरी यायला हवं, कोणी तरी ते विकायला हवं आणि कोणी तरी त्यावर आपला हक्क सांगायला हवा. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष ठेवून चाला. धामच्या काठावर तिचा माग पंधराशे वर्षं लागतो.

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात उतरा. राज्य वाकाटकांचं, राजा दुसरा प्रवरसेन. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन लवकर गेला तेव्हा मुलं लहान होती, म्हणून कारभार तिनेच सांभाळला. तोवर राजधानी रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला होती. प्रवरसेनाने ती हलवली आणि नव्या नगराला स्वतःचं नाव दिलं, प्रवरपूर. हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. पवनारला सापडलेली रामकथेतल्या प्रसंगांची शिल्पं आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी केलेलं उत्खनन पाहिल्यावर मला मिराशींचंच म्हणणं पटतं. तेव्हा चला, प्रवरपुरातच चला.

नाक आधी गोंधळतं. विदर्भातल्या बाजाराचा जो वास तुमच्या ओळखीचा आहे, तो इथे नाहीच. वाळत घातलेल्या लाल मिरचीचा ठसका नाही, कारण मिरची अजून समुद्रापार आहे. भेदरं, म्हणजे टोमॅटो, नाहीत. आलू नाहीत. फल्ली, म्हणजे भुईमूग, नाही. पेरू नाही. हे सगळं यायला आणखी हजार-अकराशे वर्षं आहेत. तिखट हवं असेल तर मिरी, पिंपळी आणि आलं. त्यातही मिरी दूर दक्षिणेकडून येणारी, म्हणजे महाग. आंबट हवं असेल तर चिंच, आवळा, ताक. गोडाला गूळ आणि मध. तीळ आणि जवस मात्र तुम्ही लगेच ओळखता. ताज्या तेलाचा वासही तोच. तांदूळ, मूग, उडीद, मसूर टोपल्यांतून रचलेले दिसतात. जंगलाकडून आलेल्या माणसांनी मोहाची फुलं, चारोळी आणि बोरं आणली आहेत. मोहाच्या गोडसर, जडशा वासाने तेवढा कोपरा भरून गेलाय. आजही चैत्रात या जिल्ह्याच्या रानाकडच्या गावांत गेलात तर हाच वास येईल.

भाषा कानावर पडते ती प्राकृत. दरबारातले ताम्रपट संस्कृतात लिहिले जातात, पण मोलभाव संस्कृतात होत नाही. स्वतः राजाने ‘सेतुबंध’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतातच रचलं. शब्द नीट कळत नाहीत, तरी सूर कळतो. गिऱ्हाईक भाव पाडतंय, विकणारी बाई हात हलवून नाही म्हणतेय, दोन पावलं गेल्यावर परत बोलावतेय. एवढं समजायला भाषा लागत नाही.

पैसे काय देणार? वाकाटकांनी स्वतःची नाणी किती आणि कशी पाडली यावर अभ्यासकांचा बराच काथ्याकूट झाला आहे. याच काळात उत्तर हिंदुस्थानात फिरून गेलेल्या फाहियान या चिनी भिक्षूने तिथले लोक खरेदी-विक्रीला कवड्या वापरतात असं लिहून ठेवलं. इथेही छोट्या सौद्यांना कवड्या आणि धान्याच्या बदल्यात माल हीच सोय असणार, असं धरून चाला.

आता मीठ घ्यायला जा.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण विदर्भाला समुद्र नाही. मीठ लांबून येतं, बैलांच्या पाठीवरून येतं आणि सगळ्यांना लागतं. जी वस्तू लांबून येते आणि जिच्यावाचून कोणाचं चालत नाही, ती सत्तेच्या नजरेतून कधीच सुटत नाही. वाकाटकांच्या राज्यात मिठाच्या आणि आंबवलेल्या दारूच्या खरेदी-विक्रीवर राजाचा हक्क आहे. खाणींवरही राजाचाच. तुमच्या ओच्यात पडणाऱ्या मुठीभर मिठात राजाचा वाटा आधीच धरलेला आहे.

हे आपल्याला कळतं कसं? त्यासाठी बाजारातून जरा बाजूला या आणि एका कारागिराच्या खांद्यावरून डोकावा. समोर तांब्याचा जाड पत्रा, हातात छिन्नी आणि बारीक हातोडी. तो अक्षरं कोरतोय. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आधी एक इवलीशी चौकट काढतो आणि मग खालचा दांडा ओढतो. पेटिकाशीर्षक म्हणतात ती ही लिपी, वाकाटकांची खूण. एक ओळ संपायला बराच वेळ लागतो. तांब्याचा बारीक कीस पत्र्यावर जमला की तो फुंकर मारून उडवतो, कोरलेल्या खाचेवरून अंगठा फिरवून धार पाहतो आणि पुढच्या अक्षराला लागतो. पत्रे झाले की कडीत ओवले जातील आणि वर राजाची मुद्रा बसेल.

समजा, हा प्रवरसेनाच्या अठराव्या वर्षातला चम्मकचा ताम्रपट आहे. तो प्रवरपुराहूनच दिला गेला. सेनापती चित्रवर्मा. मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव, म्हणजे अचलपूरजवळचं आजचं चम्मक, राजमापाने आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दान. दानाबरोबर सवलतींची लांबलचक यादी येते, आणि आपल्याला हवा असलेला बाजार त्या यादीत आहे. या गावाने मीठ-दारूच्या हक्कापोटी काही द्यायचं नाही. दूध आणि फुलं पुरवायची नाहीत. गाई-बैल द्यायचे नाहीत. दौऱ्यावर आलेल्या राजपुरुषांच्या जनावरांना चारा, बसायला कातडी आणि चुलीला कोळसा द्यायचा नाही.

सूट कशाची दिली ते वाचलं की वसुली कशाची होत होती ते समजतं. ज्या गावाला असा ताम्रपट मिळाला नाही, तिथे अंमलदार मुक्कामाला आला की दूध त्याच्या तंबूत जाणार. कोळसा, चारा, बैल, सगळं जाणार. अंमलदाराने भांडं भरून नेल्यानंतर जे उरेल ते गवळी प्रवरपुराच्या बाजारात आणणार. आता परत बाजारात या आणि दुधाच्या घागरी मोजा. घागरी कमी का आहेत हे आता तुम्हाला विचारावं लागणार नाही. हजार ब्राह्मणांचं दूध वाचलं. शेजारच्या गावातल्या गवळ्याचं वाचलं नाही.

वाकाटकांच्या इतिहासावर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात अजिंठा असतो, गुप्तांशी सोयरीक असते, राजाचं काव्य असतं. ते असायलाच हवं. पण या राज्यातला सामान्य माणूस काय खात होता आणि त्यातलं किती त्याच्या हातात राहत होतं, हे सांगणारा सर्वांत सरळ पुरावा या रुक्ष सवलतींच्या यादीत आहे. शाळेत वाकाटक शिकवताना ही यादी मुलांसमोर ठेवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुढची हजार वर्षं भराभर ओलांडा. वाकाटक गेले, नगर ओसरलं, घाटावरचे दगड इकडचे तिकडे झाले. ‘ऐने-अकबरी’त पवनार पुन्हा दिसतं ते वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं म्हणून, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावरचा मजबूत किल्ला म्हणून. लोकांच्या तोंडी राहिला तो पवन राजा. त्याच्याकडे परीस होता, शेतसारा म्हणून तो कुणब्यांकडून नांगराचे लोखंडी फाळ घ्यायचा आणि परिसाला लावून त्यांचं सोनं करायचा, अशी दंतकथा या भागात सांगतात. सारा भरून हैराण झालेल्या शेतकऱ्याने पाहिलेलं हे स्वप्न आहे. ज्वारी मागू नका, दूध मागू नका, झिजलेला फाळ घ्या आणि आम्हाला सोडा!

याच हजार वर्षांत तुम्हाला वाटेत बंजाऱ्यांचे तांडे भेटतील. हजारो बैल, गळ्यात घंटा, पाठीवर गोण्या. समुद्राकडून मीठ घेऊन वऱ्हाडात यायचं आणि इथून कापूस, धान्य घेऊन परत जायचं. तांडा उतरला की गावोगावचा बाजार जागा व्हायचा. या माणसांनी शतकानुशतकं विदर्भाच्या ताटात मीठ पोचवलं.

आता पवनार सोडून आठ किलोमीटर पश्चिमेला जायला हवं, कारण बाजार तिकडे गेला आहे.

१८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ साली ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसवलेल्या नव्या गावात आलं. ते वर्धा. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. प्रवरपूर नदीकाठी वसलं होतं, वर्धा रुळाकाठी वसलं. रेल्वेने बंजाऱ्यांचं काम काढून घेतलं. मीठ आता डब्यांतून येऊ लागलं आणि कापूस डब्यांतून जाऊ लागला. हिंगणघाटच्या कापसाचं नाव आधीपासून मोठं होतंच, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने त्याला सोन्याचा भाव आणला. शेतं ज्वारीकडून कापसाकडे वळू लागली.

तुम्ही १८९० च्या सुमारास वर्ध्याच्या बाजारात उभे आहात. आता वास ओळखीचा आहे. मिरची आली आहे. जुड्यांनी रचलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आहे, अंबाडीची भाजी आहे, पावसाळ्यात तरोटा. मापारी पायलीने ज्वारी मोजतोय, पायली भरून वर शीग चढवतोय आणि ती शीग कोणाची यावरून वाद चाललाय.

“का भाव लावला जी ज्वारी?”

“मागल्या बाजारापेक्षा चढला, भाऊ. रेल्वेनं माल भाईर जाते.”

शेतकऱ्याच्या तोंडचं हे वाक्य मी रचलं आहे, पण त्यातली गोष्ट खरी आहे. रुळांमुळे बाजार गावाचा राहिला नाही. मुंबईत भाव वाढला की वर्ध्यात ज्वारी महागायची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांताने लागोपाठ पाहिले. कापूस घरात होता, पण कापूस शिजवून खाता येत नाही.

आणि मीठ? १८८८ पासून सरकारने मिठावरचा कर मणाला अडीच रुपये केला होता. हिशेब करून पाहा. मणाचे चाळीस शेर, अडीच रुपयांचे चाळीस आणे. म्हणजे शेरामागे एक आणा निव्वळ कर, आणि तो ज्वारीच्या भाकरीवर मीठ लावून खाणाऱ्या मजुरालाही तेवढाच, जेवढा मालगुजाराला. प्रवरपुराच्या बाजारात मिठात राजाचा वाटा होता, तो चौदाशे वर्षांनी राणीचा झाला.

बाजारात आणखी एक भिंत आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. कोणाच्या हातचं धान्य चालतं पण पाणी चालत नाही, कोणी विहिरीपासून किती लांब उभं राहायचं, कोणाला सुटे पैसे हातात द्यायचे आणि कोणाच्या समोर टाकायचे. दिसायला बाजार सर्वांना खुला असतो, पण असे नियम तो निमूटपणे पाळतो. १९ जुलै १९२८ रोजी वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे दरवाजे जमनालाल बजाज यांनी दलितांसाठी उघडले. जमनालालजी स्वतः व्यापारी होते. बाजारात वावरणाऱ्या माणसाने हे करावं याचं मोल मला फार वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच पेठेत बसायचं होतं.

१९३०. इथे गोष्टीला वळण मिळतं ते पुन्हा मिठानेच. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतणार नाही, असं म्हणून निघाले. कायदा मोडला, तुरुंग झाला, सुटका झाली आणि मग प्रश्न उभा राहिला की राहायचं कुठे. जमनालालजींचा आग्रह होताच. गांधीजी वर्ध्याला आले. ज्या मुलखाला समुद्र नाही, तिथे एका माणसाला मिठाने आणून सोडलं.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी त्यासाठी आपली संत्र्यांची बाग आणि तिथलं घर दिलं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते, त्यांच्या नावाने जागेचं नाव मगनवाडी पडलं. कारभार पाहायला जो. कॉ. कुमारप्पा. हा माणूस अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार शिकून आलेला, आणि इथे बसून तो गिरणीच्या पांढऱ्या तांदळाचा आणि हातसडीच्या तांदळाचा, साखरेचा आणि गुळाचा, गिरणीच्या तेलाचा आणि घाणीच्या तेलाचा हिशेब मांडत होता. त्याच्या हिशेबात भावाबरोबर आणखी एक रकाना असे. गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातला किती भाग गावात राहिला?

मगनवाडीत शिरा. १९३५ साल. भोजनाला बसलात तर ताटात काय पडेल सांगता येत नाही, कारण गांधीजींचे प्रयोग चालू आहेत. त्या वर्षी सोयाबीनवर भर आहे. चवीची तक्रार कोणी मोठ्याने करत नाही. मागे घाणीचा आवाज येतोय, तिकडे चला.

बैल गोल फिरतोय, डोळ्यांवर झापड. लाकडी खोडाच्या उखळात लाट तिरपी फिरतेय आणि प्रत्येक फेरीला एक लांब कुरकूर. घाणीवाला तीळ टाकतो, हाताने चेपतो, थोडं पाणी शिंपडतो. पाणी जास्त झालं तर तेल सुटत नाही, कमी झालं तर पेंड करपते. हे त्याच्या बोटांना कळतं. सुरुवातीला तीळ नुसते भरडले जातात, मग ओलसर, चिकट गोळा होतो, आणि मग अचानक कडेला तेलाची चकाकी दिसते. ते कोमट असतं. तळहातावर घेऊन चाटा. घशाला किंचित कडसर आणि मागून गोड. याच मगनवाडीत जुन्या घाणीत सुधारणा होऊन ‘वर्धा घाणी’ तयार झाली. एका वेळी जास्त घाणा, जास्त तेल, बैलाला आणि माणसाला त्रास कमी. पेंड गावातल्याच जनावरांना. तेल्याचा धंदा टिकावा म्हणून एखादा अर्थशास्त्रज्ञ आणि सुतार एकत्र बसून लाटेचा कोन ठरवतात, हे दृश्य मला दिल्लीतल्या कुठल्याही नियोजनापेक्षा मोठं वाटतं. रॉकेल विकत घ्यावं लागू नये म्हणून खाण्याच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ही इथलाच. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ही सगळी अवजारं आणि माल लोकांनी पाहावा आणि विकत घ्यावा, हा हेतू.

आता परत धामच्या काठावर. १९३८ च्या मार्चमध्ये खालावलेल्या प्रकृतीचे विनोबा जमनालालजींच्या पवनारच्या बंगल्यात राहायला आले. कुदळ हातात घेतली, रोज थोडं खणायला लागले आणि प्रकृती सुधारली. त्या जागेला परंधाम नाव मिळालं. खणताना मातीतून दगड निघू लागले, कोरलेले. त्यांतलं एक शिल्प राम आणि भरत यांच्या भेटीचं मानलं जातं. विनोबांनी त्याची तिथेच स्थापना केली. म्हणजे भाजीचे वाफे प्रवरसेनाच्या राजधानीवर पडत होते.

१९५० च्या सुमारास तुम्ही त्या वाफ्यांत उभे राहा. आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग चालू आहे. पैसा वापरायचा नाही. बाजारातून काही आणायचं नाही. बैलही नकोत, माणसांनीच खणायचं, पेरायचं, विहीर खोदायची आणि रहाट स्वतःच्या अंगाने ओढायचा. तरुण मुलं दांड्याला छाती लावून गोल चालतायत. घाणीचा बैल जसा चालत होता तसेच, फक्त डोळे उघडे आहेत. पोहरे वर येतात, पाणी पाटातून वांग्यांकडे जातं. पवन राजाने लोखंडाचं सोनं केलं असं ज्या गावात सांगतात, तिथेच हा माणूस म्हणत होता की सोन्यावाचून जगून पाहू. राजधानीच्या बाजाराला इतकं रोखठोक उत्तर दुसरीकडे कोणी दिल्याचं मला माहीत नाही.

प्रयोग लांब चालला नाही. ८ मार्च १९५१ ला विनोबा पवनारहून तेलंगणाकडे चालत निघाले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि पुढची तेरा-चौदा वर्षं त्यांची वाटचाल चालू राहिली. बाजाराशिवाय सगळा देश जगेल, असं मला वाटत नाही. पण त्या प्रयोगाने बाजाराला जो प्रश्न घातला तो रास्त होता. हे अन्न कोणाच्या कष्टाचं, आणि त्यात कोण कोण फुकट हात घालतं?

आजच्या दिवसात परत या आणि वर्ध्यात उतरा. भाजीबाजारात चला, कारण इतका वेळ चालल्यावर भूक लागली आहे. सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर गर्दी आहे. भाजीवाल्या बाईसमोर ढीग, ढिगावर पाण्याचे थेंब. शेजारचं गिऱ्हाईक पिशवी पुढे करतं, “सांबार टाक ना वो माय थोडासा,” आणि बाई हिशेबाबाहेरच्या चार काड्या टाकते. मसाल्याच्या दुकानात वायगावची हळद मागा. समुद्रपूर तालुक्यातली ही हळद, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग असा की चिमटीचे डाग दोन दिवस जात नाहीत.

आणि मग गोरस भांडार. १९४१ मध्ये जमनालालजींनी बाकी सगळं बाजूला ठेवून गोसेवेचं काम हाती घेतलं, वर्ध्याजवळ गोपुरीला झोपडीत राहायला गेले, आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला वारले. हा जिल्हा गौळाऊ गाईचा, आर्वीकडचं हे पांढरं, चपळ जनावर. गावोगावचं गाईचं दूध गोळा करून शहरात विकायचं, म्हणजे गाय पाळणं शेतकऱ्याला परवडेल, हा त्या कामामागचा साधा विचार. त्यातून उभं राहिलेलं गोरस भांडार वर्धेकरांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. इथला गोरसपाक खाल्ल्याशिवाय वर्ध्याहून परतू नका. गाईच्या तुपातलं, बिस्किटासारखं हे खाणं तोंडात टाकलं की भुगा होतं आणि तुपाचा वास बराच वेळ राहतो. बाहेरगावी निघालेला वर्धेकर पिशवीत गोरसपाकाचं खोकं घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही.

दुकानातून निघण्याआधी दुधाच्या कॅनकडे एकदा पाहा आणि प्रवरपुराच्या घागरी आठवा. तिथे गवळ्याचं दूध मोबदल्याशिवाय जात होतं, इथे त्याला भाव मिळतो. तो पुरेसा मिळतो का, हे भांडण अजून संपलेलं नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाने किती घरं बसली, हे इथल्या कोणत्याही बाजारात विचारा. गांधीजींच्या ताटातलं सोयाबीन आज या जिल्ह्याच्या शेतांत मैलोन् मैल दिसतं. ते गावात खाल्लं जात नाही, ट्रकने तेलगिरणीकडे जातं.

म्हणून सांगतो, गांधीजींचं सेवाग्राम आणि पवनार पाहायला याल तेव्हा एक वेळ बाजारासाठी राखून ठेवा. बापूकुटी पाहा, पवनारला विनोबांनी स्थापलेलं भरत-रामाचं शिल्प पाहा, पण मगन संग्रहालयातही जा आणि घाणीचं तेल मिळालं तर घ्या. भाजीवालीशी फार घासाघीस करू नका. हळद पुडक्यातली न घेता शेतकरी गटाची घ्या. आणि जे काही घ्याल त्याबद्दल कुमारप्पांचा तो प्रश्न दुकानदाराला विचारा, की यातले पिकवणाऱ्याला किती गेले. दहा जणांनी विचारलं तर दुकानदार उत्तर शोधून ठेवेल.